आमची वाटचाल: पाट्यांपासून कॉइलओव्हरपर्यंत

वडिलांचं दुकान कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. काम एकच, ट्रक-टेम्पोचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणारे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग. गळीत हंगाम सुरू झाला की दारात उसाच्या गाड्यांची रांग लागायची. कुणाचा मेन पाटा तुटलेला, कुणाचा पाटे आवळणारा यू-बोल्ट ताणलेला, आणि ड्रायव्हर 'आज रात्रीच कारखान्यावर खाली करायचीय' म्हणत तिथंच बसकण मारलेला. शाळेतून आलो की मी दप्तर टाकून पाट्यांचा गंज घासायला बसायचो.

कारचं काम मी सुरू केलं. वडील त्याला 'खेळण्यातलं काम' म्हणायचे. शॉकअप, बुश (जोडांमधली रबरं), लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) असं चाललेलं असताना एक ओळखीचा पोरगा जुनी एस्टीम आणि पार्सलनं मागवलेला एक खोका घेऊन आला. खोक्यात चार कॉइलओव्हर होते. शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे, त्यांवर फिरणारी रिंग, रिंगवर स्प्रिंग. रिंग फिरवाल तशी गाडी वर-खाली. जुनं काढून नवं बसवायला फार डोकं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत गाडी दोन इंच खाली आणली. फेंडर आणि टायरमध्ये जेमतेम दोन बोटं. पोरगं खूश, आम्हीही फोटो काढले.

आठवड्यात गाडी परत आली. पोरगा घरच्या चौघांना घेऊन, डिकी भरून आंबा घाटातून रत्नागिरीला गेला होता. मागचे टायर आतून घासून पांढरे पडलेले, पुढचा बंपर फाटलेला, आणि प्रत्येक खड्ड्याला आतून धाडकन आवाज. उघडून पाहिलं तर बंप स्टॉपचा, म्हणजे शॉकअप पूर्ण दबला की दणका झेलणाऱ्या रबराचा, चुरा. गाडी खाली घेताना शॉकअपचा दांडाही तेवढाच आत जातो, म्हणजे वर दबायला जागाच उरत नाही, हे मला तोवर उमगलंच नव्हतं. वडील शेजारी उभे राहून बघत होते. एवढंच म्हणाले, "रिकामी गाडी काय बघतोस? भरून बघायची की."

पाटे बसवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मला लागलं. बंपर आणि टायरचे पैसे आम्हीच भरले.

तेव्हापासून दुकानात वाळूची पोती ठेवलेली आहेत, चाळीस-चाळीस किलोची. गाडीत नेहमी जेवढी माणसं बसतात तेवढ्या वजनाची पोती सीटवर आणि डिकीत टाकायची, मग उंची मोजायची. मोजतानाही जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत. हवा कमी-जास्त असली तरी फरक पडत नाही. आता शक्यतो ज्याचा खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो तेच कॉइलओव्हर आम्ही घ्यायला सांगतो. त्यात उंची ब्रॅकेटवर बदलते, शॉकअपची चाल जशीच्या तशी राहते. महाग पडतात, पण आमच्या रस्त्यांना तेच बरे.

जुन्या गाडीत कॉइलओव्हरचं किट हे निम्मं काम. वीस वर्षांच्या गाडीचे बुश फाटलेले असतात, टॉप माऊंटिंगचं, म्हणजे शॉकअपच्या वरच्या टोकाचं, रबर बसलेलं असतं. त्यावर नवा कडक स्प्रिंग चढवला तर आवाज दुप्पट. आणि बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना कसायचे नाहीत. चाकं जमिनीवर, वजन पडलेलं, तेव्हाच शेवटचा पाना. नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. ही चूक चांगले चांगले मिस्त्री करतात. मीही केलीय.

उंची बदलली की टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (चाकं वरून आत-बाहेर कललेली असणं) बदलतात, म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी. दोनेकशे किलोमीटर चालवून परत या म्हणतो, कारण स्प्रिंग थोडा बसतो आणि उंचीची रिंग आवळून धरणाऱ्या लॉक रिंगा एकदा तपासाव्या लागतात. कोकणातल्या गाड्यांचा त्रास वेगळा. एका पावसाळ्यात आटे असे गंजतात की रिंग फिरवायचा सी-पाना लावला तरी ती हलत नाही. त्यावर उपाय सायकलवाल्याकडून मिळाला: आट्यांना ग्रीस लावायचं आणि वरून जुन्या ट्यूबचा तुकडा मोज्यासारखा चढवायचा. दिसायला गबाळं, पण पावसाळा निभतो.

गाडी जमिनीला टेकवून द्या म्हणणारे येतात. त्यांना आम्ही चहा पाजतो आणि परत पाठवतो. काही रागावतात. पन्हाळ्याच्या रस्त्याला एक चक्कर मारून आणली की काही जण ऐकतातही.

आता वडील दुकानात फारसे येत नाहीत. आले की पोती मोजतात.

तुमची गाडी आणणार असाल तर एवढंच करा. येताना डिकी रिकामी करू नका. स्टेपनी, टूलकिट, गावाकडं न्यायची पोतडी, जे रोज असतं ते तसंच राहू द्या. सोबत कोण बसतं तेही फोनवरच सांगा.