कुत्र्या-मांजरांचे जंत: दिसण्याची वाट का पाहू नये

पाळलेल्या कुत्र्याला जंताचे औषध केव्हा द्यावे, असे आमच्या परभणीत कोणालाही विचारले तर ‘विष्ठेत जंत दिसले की’ हेच उत्तर बहुधा मिळते. आजार दिसल्याशिवाय औषध नको, हा विचार एरवी योग्यच आहे. परंतु जंतांच्या बाबतीत जे डोळ्यांना दिसते ते फार उशिरा दिसते, आणि जे सर्वांत घातक आहे ते तर दिसतच नाही.

पिल्लांचेच पाहा. गोलकृमींच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंमध्ये दीर्घकाळ निपचित पडून असतात आणि नेहमीच्या औषधाची मात्रा तिथपर्यंत पोहोचत नाही. कुत्री गाभण राहिली की, सुमारे ६३ दिवसांच्या गर्भकाळात साधारण ४२व्या दिवसापासून या अळ्या पुन्हा हालचाल करू लागतात आणि वारेतून थेट गर्भात शिरतात. त्यामुळे आई वरून कितीही धडधाकट दिसली, तरी पिल्लू बहुधा जंत घेऊनच जन्माला येते. जन्मानंतर सुमारे तीन आठवड्यांत हे जंत पूर्ण वाढतात आणि एकेक मादी दिवसाला लाखाच्या आसपास अंडी घालू शकते. मांजरीच्या पिल्लांना हा संसर्ग गर्भातून होत नाही, दुधातून होतो, आणि पुढे ती उंदीर खाऊ लागली की तिथूनही होतो. म्हणूनच कुत्र्याच्या पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून व मांजरीच्या पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी, ती दूध सोडेपर्यंत औषध देण्याचा क्रम आहे; त्यानंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा आणि मोठेपणी साधारणपणे तीन महिन्यांतून एकदा. पिल्लांसोबत आईलाही औषध द्यावे लागते, हे मात्र पुष्कळदा राहून जाते. पोट फुगलेल्या पिल्लाला ‘चांगले गुटगुटीत आहे’ म्हणून कौतुकाने उचलून घेणारी माणसे मी पाहतो, तेव्हा फार वाईट वाटते, कारण ते पोट अनेकदा दुधाचे नसून जंतांचे असते.

अंकुशकृमी त्याहून वाईट. हे जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे, दोऱ्यासारखे जंत आतड्याच्या अस्तराला चावून रक्त पितात आणि जागा बदलतात, तेव्हा आधीच्या जखमेतून रक्त वाहतच राहते. पिल्लांना ते मुख्यतः आईच्या दुधातून मिळतात, आणि विष्ठेत त्यांची अंडी सापडू लागण्यापूर्वीच रक्तक्षयाने पिल्लू दगावू शकते. अशा पिल्लाचा ओठ अंगठ्याने हलकेच वर उचलून हिरडी पाहावी. निरोगी पिल्लाची हिरडी गुलाबी, ओलसर असते. बोटाने दाबल्यावर पांढरी पडते आणि क्षणात पुन्हा गुलाबी होते. अंकुशकृमींनी पोखरलेल्या पिल्लाची हिरडी मुळातच पांढुरकी असते आणि विष्ठा डांबरासारखी काळी, चिकट होते. अशा वेळी घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

लातूरकडचे कारवानी कुत्रे पाळणाऱ्यांनी तर हिरडी पाहण्याची सवय आवर्जून लावून घ्यावी. या जातीचा बांधाच सडपातळ असतो, निरोगी जनावराच्याही बरगड्या जाणवतात. त्यामुळे वजन घटत असले तरी ‘जातच तशी आहे’ म्हणून दुर्लक्ष होते. अशा कुत्र्याच्या अंगकाठीपेक्षा हिरडी आणि केसांची चमक अधिक खरे सांगतात.

विष्ठेची तपासणी हा चांगला मार्ग आहे आणि तो फारसा खर्चिक नाही. परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. विष्ठेचा ताजा नमुना मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून काही मिनिटे स्थिर ठेवतात; जंतांची अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगतात आणि वर टेकवलेल्या काचेला चिकटून सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मात्र जंत अजून अंडी घालण्याच्या वयाचे नसतील, तर तपासणीत काहीच सापडत नाही, आणि पट्टकृमींची (तुकड्या-तुकड्यांनी जोडलेल्या, फितीसारख्या चपट्या जंतांची) अंडी त्या तुकड्यांत बंदिस्त असल्याने तीही पुष्कळदा निसटतात. तपासणीत काही आढळले नाही म्हणून वेळापत्रकातील मात्रा चुकवणे योग्य नव्हे.

पट्टकृमींचे तुकडे मात्र डोळ्यांना दिसतात. शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्याएवढे, ताजे असताना वळवळणारे आणि वाळल्यावर पिवळसर होणारे तुकडे चिकटलेले आढळले, की लोक पहिल्यांदा दवाखान्याकडे धावतात. यात सर्वसाधारणपणे आढळणारा पट्टकृमी पिसवांमार्फत येतो: कुत्रे किंवा मांजर अंग चाटताना पिसू गिळते आणि दोन-तीन आठवड्यांत नवे तुकडे पडू लागतात. पिल्लांना सर्रास दिल्या जाणाऱ्या पायरँटेलचा पट्टकृमीवर परिणाम होत नाही, त्यासाठी प्राझिक्वाँटेल लागते. आणि पिसवा तशाच राहिल्या तर ते औषधही महिनाभरात वाया गेल्यासारखे होते. पिसवांचा बंदोबस्त करताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नये, ते त्याच्या जिवावर बेतते.

शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गुरे-अवजारे ठेवायच्या जागी, राखणीला ठेवलेल्या कुत्र्यांना शेळ्यांसाठी आणलेल्या बाटलीतलेच औषध अंदाजाने पाजले जाते. मात्रा जनावराच्या वजनावर ठरते, आणि शेळीचे औषध, शेळीचा हिशोब कुत्र्याला लागू पडत नाही. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुत्र्याला देऊच नये. ‘कोली’ या विदेशी जातीच्या कुत्र्यांमध्ये ते मेंदूपर्यंत पोहोचून मृत्यूही ओढवू शकतो.

याच आखाड्यांवर आणि मेंढपाळांच्या वस्त्यांवर सर्वांत गंभीर धोका असतो. शेळी-मेंढी कापल्यावर काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी निघाल्या, की तो भाग माणसे खात नाहीत, कुत्र्यापुढे टाकतात. त्या गाठींतूनच कुत्र्याच्या आतड्यात अवघ्या काही मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी वाढतात. ते कुत्र्याला फारसे आजारी पाडत नाहीत, मालकाला कधी दिसत नाहीत. पण त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी तयार होतात, अनेक वर्षे वाढत राहतात आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागते. असे अवयव खोल पुरावेत किंवा जाळावेत, कुत्र्याला कच्चे मांस घालूच नये आणि अशा वस्तीवरच्या कुत्र्यांना प्राझिक्वाँटेल किती वारंवार द्यायचे ते पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे. तीन महिन्यांचे अंतर तिथे पुरेसे नसते.

राहिला लेकरांचा प्रश्न. शाळेत १० फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते, त्यामुळे घरच्या कुत्र्याची काळजी उरली नाही असा अनेकांचा समज दिसतो. ती गोळी माणसाच्या स्वतःच्या जंतांसाठी आहे. कुत्र्या-मांजरांच्या गोलकृमींची अंडी मुलाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात भरकटतात आणि डोळ्यातली अळी दृष्टी कायमची अधू करू शकते. मात्र ही अंडी ताज्या विष्ठेत संसर्गक्षम नसतात, त्यांना मातीत साधारण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे रोजच्या रोज विष्ठा उचलली तर अंगणात संसर्ग साचतच नाही. फिनाईलने ही अंडी मरत नाहीत. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही, पण पावसाळ्यात ओलसर सावलीत ती महिनोन्‌महिने टिकतात. बांधकामासाठी घरापुढे टाकलेला वाळूचा ढीग मांजरांना विष्ठा पुरण्यासाठी आवडतो आणि लेकरांना खेळण्यासाठी. तो ढीग रात्री ताडपत्रीने पूर्ण झाकून कडांवर विटा ठेवाव्यात, आणि त्यात खेळून आलेल्या मुलाला खाण्यापूर्वी नखांसकट हात साबणाने धुवायला लावावेत.