अस्वलाची सलामी

ड्रेपरीच्या, म्हणजे नाटका-गॅदरिंगचे पोशाख भाड्यानं देण्याच्या धंद्याचं वर्ष ठरलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, फेब्रुवारीत शिवजयंतीचे मावळे, आषाढात बालवाडीचे विठ्ठल-रखुमाई. उरलेल्या दिवसांत उसवलेली जर शिवायची आणि कपड्यांना ऊन द्यायचं. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या अशाच एका दुकानात कामाला आहे. लग्नसराईत दुकान रिकामं राहू नये म्हणून मालकांनी अस्वलाचा पोशाख आणला. अंगाला तपकिरी फर, फोमचं डोकं आणि त्या डोक्यात बॅटरीवरचा पंखा, जो वारा कमी आणि आवाज जास्त करतो. मापात मी बसले, म्हणून अस्वल मी झाले. आत मुलगी आहे हे कुणाला सांगायचं नाही, एवढी एक अट मालकांनी घातली. ती शहाणपणाची होती, हे गर्दीत फिरलेल्या कुठल्याही बाईला कळेल.

भाड्याचा पोशाख म्हणून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक एक गोष्ट हमखास ऐकवतात. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं, तेव्हा तिथले मिकी-मिनी उसन्या पोशाखातच फिरले. आइस कपेड्स नावाची बर्फावर स्केटिंगचे खेळ करणारी कंपनी होती, तिचे ते पोशाख. "आनी तुमाला आमचं चालंना व्हय?" असं म्हणून मालक पावतीपुस्तक पुढं ओढतात.

अस्वलाचा चेहरा हलत नाही. हसायचं तर दोन्ही पंजे तोंडावर न्यायचे आणि खांदे गदगदवायचे. हो म्हणायला कमरेतून वाकायचं. बोलायचं मात्र काही झालं तरी नाही. हे सगळं मी त्या परदेशातल्या बागांचे व्हिडिओ बघून शिकले. दिसतं ते तोंडाच्या जाळीतून, तेही समोरचंच. पायाशी आलेलं पोर दिसत नाही, म्हणून दुकानातला एक मुलगा कायम हाताला असतो.

आमच्या ऑर्डरी बहुतेक पहिल्या वाढदिवसाच्या. खरं सांगायचं तर वर्षाचं मूल अस्वल बघून किंचाळतं आणि आईबाप त्याला फोटोसाठी पुढं ढकलत राहतात. मला ते बघवत नाही. मी चार पावलं मागं जाऊन खाली बसते आणि लांबूनच पंजा हलवते.

मेमधली ती ऑर्डर मात्र सहस्रचंद्रदर्शनाची होती. फुलेवाडीकडचं कार्यालय. आजोबा जुने पैलवान, लाल मातीतले, पुढं तालमीत वस्ताद झालेले. ८१ दिव्यांनी ओवाळणं झालं, पेढे वाटले गेले आणि पतवंडांसाठी मागवलेलं अस्वल आत आलं. एका पतवंडानं भोकाड पसरलं, दुसरं टेबलाखाली गेलं. आमचा मुलगा कानाशी म्हणाला, "धा मिंटात उरकलं बघ."

तेवढ्यात सजवलेल्या खुर्चीतून हाक आली. "ए अस्वला, हिकडं ये की!"

गेले. वस्ताद उठले, जमिनीला हात लावून कपाळाला नेला आणि सलामीला पुढं केला. मग त्यांनी शड्डू ठोकला. अख्ख्या हॉलात आवाज घुमला. मीही ठोकला, पण फरच ती, फुस्स झालं. हॉल हसून लोळायच्या बेताला. वस्तादांनी माझं मनगट धरलं. क्षणभर ती पकड तशीच राहिली आणि मग सैल झाली. त्यांना कळलं. मनगटावरनं माणूस ओळखण्यात त्यांची हयात गेलेली. पण चेहऱ्यावर त्यांनी काही दाखवलं नाही, खेळही थांबवला नाही. फक्त त्यानंतर बोटांच्या टोकांपलीकडं मला हात लावला नाही. लांबून पवित्रा घेतला, गोल फिरले, "घे, घे, पट काढ" म्हणत मलाच डाव सांगितले. मी वाकले तसे ते सावकाश खुर्चीत बसले. "पडलो रं पडलो! अस्वलानं चितपट केलं!" आणि माझा पंजा वर धरला. पाहुण्यांना फेटे बांधणारा होता, त्यानं दोन फेटे जोडून माझ्या डोक्याला गुंडाळले.

आणि मग रांगच लागली. एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी हवेतली दोरी ओढून टिंग टिंग केलं, मला खोटं तिकीट फाडून दिलं. मी रिकाम्या खुर्चीत बसले, धक्के खाल्ले, थांबा आला तशी उतरले. काकांनी सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी भांडण काढलं. विहिणींनी फुगडीला ओढलं. फुगडी झाल्यावर त्यांनी हट्ट धरला, "अस्वला, नाव घे!" आता बोलायचं तर नाही. मी लाजून तोंड झाकलं, तेव्हा त्यांच्यातल्याच एकीनं माझ्या वतीनं घेतलं, "रंकाळ्याच्या काठावर भेळेचा पसारा, अस्वलराव म्हणतात, आधी घाला वारा!" यापेक्षा खरं माझ्याविषयी त्या दिवशी कुणी बोललं नाही.

कोपऱ्यात एक सफारीवाले पाहुणे कुरकुरत होते. "पोरांसाठी आणलंय ते, ही म्हातारी काय येड्यागत करायलीत?" डोकं काढून त्यांना शांघायचं सांगावं असं वाटलं. तिथल्या डिस्नेलँडनं २०२१ मध्ये लीनाबेल नावाची गुलाबी कोल्हीण आणली. तिच्यामागं ना सिनेमा ना मालिका, तरी नोकरीधंद्याची माणसं तिला भेटायला तासन्‌तास उभी राहिली. अमेरिकेतल्या डिस्नेच्या बागांत चौदा वर्षांपुढच्या पाहुण्यांना एरवी पात्राचा पोशाख घालून येता येत नाही, पण पात्राला भेटायला वयाची अट नाही. करोनात तिथं पात्रं लांब उभी केली होती. एप्रिल २०२२ मध्ये मिठ्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हाच्या व्हिडिओंत डोळे पुसणारी मोठी माणसं मी पाहिलीत.

माझं मत म्हणाल तर हा खेळ मोठ्यांनाच जास्त जमतो. लहान मुलाला अस्वल खरं वाटतं, म्हणून ते घाबरतं. मोठ्यांना पक्कं ठाऊक असतं की आत कुणीतरी घामाघूम झालंय, आणि तरीही ते अस्वलाशीच बोलतात. शिवाय अस्वल कुणाच्या नात्यातलं नाही. त्याच्यापुढं मान राखायचा नसतो, पदर सावरायचा नसतो.

सगळेच असे नसतात. एकजण "आत कोण हाय रं?" म्हणत आला आणि माझं डोकं पिरगाळायला लागला. असा एक प्रत्येक कार्यक्रमात असतोच आणि तो लहान मुलगा कधीच नसतो. आमचा मुलगा मध्ये पडायच्या आत खुर्चीतून आवाज आला, "ए, हात काढ. पावना हाय त्यो आपला." हात निघाला.

शेवटी वस्तादांच्या मालकीण आल्या. पंजा हातात घेऊन तक्रार केली, "माझा हात धरून कवा फिरवलं न्हाई बघ ह्येनी, आनी तुज्यासंगं कुस्ती खेळत्यात." मी कपाळावर पंजा मारला. त्या खुदकन हसल्या आणि जाळीजवळ तोंड आणून हळूच म्हणाल्या, "पानी पिलीस का गं?" मला कोठीच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं, डोकं उतरवायला मदत केली आणि ताकाचा तांब्या हातात दिला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ताक संपल्यावर स्वतःच डोकं माझ्यावर चढवलं, फेटा नीट केला. "चल, आजून चार जनी थांबल्यात."

त्या कार्यक्रमातून दोन ऑर्डरी आल्या, एक निवृत्तीच्या समारंभाची आणि एक महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची. मालक खूश. मी त्यांना सांगितलंय की मोठ्यांच्या कार्यक्रमाला हाताशी एक नव्हे, दोन माणसं हवीत, दर पंधरा मिनिटांनी डोकं उतरवायला बंद खोली हवी आणि डोक्यातला पंखा बदलायला हवा. माणसांचं कबूल झालंय. पंख्याचं अजून "बघू" चाललंय.