बॅकअप प्रकल्प, नोंद ६: इमेज घेतली, पण उतरली का?

मागच्या नोंदीत ठरवलं होतं की या खेपेला नुसती इमेज, म्हणजे विंडोजसकट अख्ख्या डिस्कची नक्कल, घेऊन थांबायचं नाही. ती कोऱ्या डिस्कवर उतरवायची, मूळ डिस्क काढून ठेवायची आणि मशीन उठतं का ते बघायचं. तीन शनिवार-रविवार यात गेले. विंडोजचं स्वतःचं साधन आणि वेगळी इमेजिंग साधनं यांची तुलना करताना आधी माझा सगळा भर इमेज किती वेळात होते आणि किती जागा खाते यावर होता. आता वाटतं की तुलना चुकीच्या टोकाकडून चालली होती.

मांडणी अशी: डेस्कटॉपमध्ये ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, सी ड्राइव्हवर भरलेलं साधारण १४० जीबी. उतरवायला दोन जुन्या एसएसडी, एक १ टीबीची आणि एक २५६ जीबीची. इमेज ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क.

पहिली पाळी विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम इमेजची. कंट्रोल पॅनलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' उघडलं की डावीकडे हा पर्याय सापडतो. नावापुढे अजूनही विंडोज ७ लिहिलेलं असतं, कारण साधन तेव्हाचंच आहे. २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनेच ते मोडीत काढायच्या यादीत टाकलं आणि पूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी इतरांची साधनं वापरा असं सुचवलं. तरी ते आहे आणि चालतं, म्हणून त्याला नीट संधी द्यायची होती.

सुरुवातीलाच घोडं पेंड खायला लागलं. ८०७८०११९ हा एरर ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. संदेश म्हणतो शॅडो कॉपीसाठी (चालू विंडोजमध्ये डिस्कची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवण्यासाठी) जागा नाही, आणि आपण सी ड्राइव्हवरच्या साडेतीनशे जीबी मोकळ्या जागेकडे बघत बसतो. जागा कमी असते ती रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी डिस्कवर राखलेल्या छोट्या भागात. नियम असा की पार्टिशन ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर ५० एमबी मोकळी पुरते, त्याहून मोठं असेल तर ३२० एमबी लागते. माझं पार्टिशन ५२९ एमबीचं आणि त्यात मोकळी ८०! तीस एमबीने लहान असतं तर काहीच अडलं नसतं. मग रीएजंटसी (रिकव्हरी चालू-बंद करणारी विंडोजची कमांड) डिसेबल, सी ड्राइव्ह २५० एमबीने आकसला, रिकव्हरी पार्टिशन पुसून नव्याने बनवलं, रीएजंटसी इनेबल. आता पार्टिशन ७७९ एमबी, मोकळी ३३०. जेमतेम, पण इमेज पूर्ण झाली.

या इमेजमधली एक गोष्ट मला मनापासून आवडते. विंडोजइमेजबॅकअप फोल्डरमध्ये आत शिरलं की प्रत्येक पार्टिशनची साधी व्हीएचडीएक्स (आभासी डिस्कची) फाइल असते. डिस्क मॅनेजमेंटमधून अ‍ॅटॅच केली की ती एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते आणि हवी ती फाइल उचलता येते. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, लायसन्स लागत नाही. फक्त अ‍ॅटॅच करताना 'रीड ओन्ली'वर टिक करा, नाहीतर इमेजमध्येच लिहिलं जाईल.

उतरवताना मात्र हात बांधलेले. १ टीबीच्या डिस्कवर इमेज उतरली, मशीन पहिल्या फटक्यात उठलं. पण पार्टिशनं जुन्याच मापाची आली आणि उरलेली जागा रिकव्हरी पार्टिशनच्या पलीकडे पडून राहिली. मध्ये ते पार्टिशन असल्यामुळे सी ड्राइव्ह थेट वाढवता येत नाही. २५६ च्या डिस्कवर तर उतरतच नाही. भरलेलं १४० असलं तरी नियम सांगतो की डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान नको. फोल्डरचं नाव जरा बदललं किंवा तो ड्राइव्हच्या मुळाशी नसून आत कुठे ठेवला, तर रिकव्हरीला इमेज सापडत नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरी पाळी क्लोनझिला या मोफत इमेजिंग साधनाची. पेनड्राइव्हवरून बूट होतं, विंडोज बंदच असतं, त्यामुळे शॅडो कॉपीचा प्रश्नच नाही. त्यातलं पार्टक्लोन फक्त वापरलेले ब्लॉक उचलतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, नाहीतर एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतं आणि पार्टक्लोन ते घेत नाही. लहान डिस्कची अट इथेही आहे, मूळ सेटिंगमध्ये तरी. समर्पित साधन आहे म्हणजे सगळं जमेलच, असं मी धरून चाललो होतो. सी ड्राइव्ह आधी आकसवून मग एक्स्पर्ट मोडमध्ये मापाची तपासणी वगळता येते, पण नवख्या माणसाने आपल्या एकुलत्या एक डिस्कवर हे करून बघू नये.

तिसरं एक सशुल्क इमेजिंग सॉफ्टवेअर. इमेज घेताना हेही विंडोजच्याच शॅडो कॉपीवर उभं असतं, म्हणून घेण्याच्या बाजूला मला मोठा फरक जाणवला नाही. फरक उतरवताना पडला. २५६ च्या डिस्कवर इमेज ठेवताना प्रत्येक पार्टिशन ओढून लहान करता आलं, रिकव्हरी पार्टिशन शेवटी सरकवता आलं. डेस्कटॉप त्या छोट्या डिस्कवर उठला तेव्हा खरंच बरं वाटलं.

आणि लॅपटॉपवर जे झालं त्यानंतर माझं मत पक्कं झालं. इंटेलच्या व्हीएमडी कंट्रोलरचं मशीन, म्हणजे डिस्क दिसायला वेगळा ड्रायव्हर लागतो असं. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बूट झालं, रिकव्हरीपर्यंत गेलं, पण आतली डिस्कच उचलेना. ड्रायव्हर वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन डीआरव्हीलोड या कमांडने हाताने चढवला तेव्हा दिसली. सशुल्क सॉफ्टवेअरने रेस्क्यू पेनड्राइव्ह (विंडोज उठत नसेल तेव्हा ज्यावरून बूट करून इमेज उतरवायची तो) बनवतानाच चालू विंडोजमधून तो ड्रायव्हर उचलून ठेवला होता. डिस्क मेलेली असताना, दुसरं मशीन हाताशी नसताना, हा ड्रायव्हर शोधायची वेळ आली असती तर? म्हणून आता कोणी विचारलं तर मी इमेजच्या वेगाबद्दल बोलत नाही, रेस्क्यू पेनड्राइव्हबद्दल बोलतो. त्याचेच पैसे देतोय असं समजा.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, वापरणाऱ्यांसाठी: चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजमधला डेटा उघडा असतो. इमेजला स्वतःचा पासवर्ड द्या, आणि उतरवल्यावर बिटलॉकर पुन्हा चालू करा. तो आपोआप येत नाही. उतरवलेली आणि मूळ डिस्क एकाच वेळी जोडू नका, दोघींची ओळख सारखी असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं.

सध्याची घडी अशी बसली आहे. रोजच्या फाइल्सना विंडोजची फाइल हिस्टरी, ती दर तासाला बदललेल्या फाइल्स उचलते आणि हे काम ती उत्तम करते. महिन्याला एक पूर्ण इमेज सशुल्क सॉफ्टवेअरने, मध्ये दर आठवड्याला डिफरेन्शियल, म्हणजे त्या पूर्ण इमेजनंतर बदललेलं सगळं. इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त आधीच्या बॅकअपनंतर बदललेलं, मुद्दाम घेत नाही. साखळीतली एक कडी खराब झाली की पुढच्या सगळ्या जातात, डिफरेन्शियलला पूर्ण इमेज आणि शेवटची फाइल एवढंच पुरतं. वर्षातून दोनदा विंडोजची व्हीएचडीएक्स इमेजही घेणार, कारण दहा वर्षांनी कोणतं सॉफ्टवेअर हयात असेल सांगता येत नाही. नॉर्टन घोस्ट हे इमेजिंग सॉफ्टवेअर २०१३ मध्ये बंद झालं, तसल्याच मॅक्रियमची मोफत आवृत्तीही गेली.

रेस्क्यू पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून मशीनचं नाव आणि बनवल्याची तारीख लिहिली आहे. लॅपटॉपची इमेज अजून छोट्या डिस्कवर उतरवून बघायची राहिलीय, त्याला लागणारी एम.२ डिस्क मिळाली की नोंद ७.