आमची वाटचाल : एका लॅपटॉपात दोन ग्राफिक्स

कोल्हापुरात आम्ही सुरुवात केली ती डेस्कटॉप जोडून देण्यापासून. ग्राफिक्स कार्ड बसवले, सोबतच्या सीडीतला ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) टाकला, की काम होत असे. 2010 मध्ये एनव्हिडियाचे ऑप्टिमस, म्हणजे कामानुसार दोन ग्राफिक्समध्ये आपोआप अदलाबदल करणारे तंत्र आले आणि पुढे प्रोसेसरमधले इंटेल ग्राफिक्स व एनव्हिडियाची स्वतंत्र चिप अशी जोडी असलेले लॅपटॉप घेऊन आर्किटेक्ट आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे येऊ लागले, तेव्हा आमच्या कामाचे स्वरूप पालटले.

तक्रार बहुधा ठरलेली असे : फॉरमॅट केल्यापासून थ्रीडीचे काम अडकते, आणि एनव्हिडियाचा इन्स्टॉलर सुसंगत हार्डवेअर सापडत नसल्याचे सांगून थांबतो. चिप गेली, मदरबोर्ड बदला, असा सल्लाही गिऱ्हाइकाला कुठेतरी मिळालेला असे. वास्तविक अशा बहुतेक लॅपटॉपांत स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेली असते. एनव्हिडियाची चिप चित्र तयार करते, पण ते स्क्रीनवर जाते इंटेलमार्फत. म्हणून ड्रायव्हर टाकताना आधी चिपसेट (मदरबोर्डवरच्या चिपा), मग इंटेल आणि शेवटी एनव्हिडिया, हा क्रम आम्ही पाळतो. पूर्वी इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर कित्येक लॅपटॉपांवर बसतच नसे, उत्पादक कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या असे तो बजावत असे. 2020 मध्ये इंटेलने ती अट सैल केली.

2015 मध्ये विंडोज 10 आले आणि गर्दी वाढली. आपण एक ड्रायव्हर टाकत असताना विंडोज अपडेट पाठीमागून दुसराच उतरवून घेई, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह व 'कोड 43', म्हणजे बिघाडामुळे विंडोजने चिप थांबवल्याची खूण, दिसे. अशा वेळी इंटरनेट तोडायचे, सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरते विंडोज चालवून) जुना ड्रायव्हर मुळापासून काढायचा आणि मग हार्डवेअर आयडी, म्हणजे चिपची ओळख सांगणारा संकेतांक, वाचायचा, ही पद्धत आमच्याकडे रूढ झाली. त्या आयडीत '8086' म्हणजे इंटेल आणि '10डीई' म्हणजे एनव्हिडिया. नव्या मुलाला आम्ही स्क्रूड्रायव्हर देण्याआधी हे वाचायला शिकवतो. हा आयडीच दिसत नसेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत) चिप बंद केलेली आहे का, ते पाहावे लागते.

फॉरमॅटपूर्वी जुन्या विंडोजमधले सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे, हा नियम आम्ही केला. यामुळे परत येणारे काम घटते हे खरे, पण त्यावर धंदा बुडाला नाही. उलट कार्यालयांची वार्षिक देखभालीची कामे याच भरवशावर मिळाली.

अलीकडे लिनक्सवाले विद्यार्थी येतात. त्यांच्याकडे सिक्युअर बूट (विश्वासू डिजिटल सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असताना सही नसलेले एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे मॉड्यूल लोड होत नाही, एवढे समजावले तरी निम्मे काम संपते. चिप खरोखरच गेलेली निघाली, तर लॅपटॉप नुसत्या इंटेलवर चालवून गिऱ्हाइकाचे काम भागते का, ते आम्ही आधी दाखवतो आणि मगच बोर्डाचा खर्च सांगतो.