अरबी, महिना सहावा: कायद्याची कवायत

गेल्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की या महिन्यात क्रियापदांची रूपं सुरू करणार. एकही केलं नाही. सगळा महिना मोडक्या अनेकवचनांनी खाल्ला.

मुदर्रिस-मुदर्रिसून, सय्यारा-सय्यारात, इथपर्यंत ठीक चाललं होतं. शेपूट लावलं की काम झालं. पण किताबचं कुतुब, बैतचं बुयूत, मदरसाचं मदारिस? शब्दाची हाडं तीच ठेवायची आणि आतलं मांस बदलायचं. अँकीत (कार्डांवरून शब्द घोकून घेणारं ॲप) १४० कार्डं झाली होती आणि रोज सकाळी त्यातली तीच तीस-पस्तीस तोंड वर करून परत यायची. डोक्याला ताप नुसता.

मग एके दिवशी उस्ताझांनी (म्हणजे माझ्या अरबीच्या बाईंनी; कैरोच्या आहेत, 'जदीद'ला, म्हणजे 'नवा'ला, 'गदीद' म्हणतात, आता सवय झाली) धड्याची नवी फाइल पाठवली. वर मथळा: अल्-कवाइद. म्हणजे व्याकरण. नियम तो काइदा, त्याचं अनेकवचन कवाइद. मी हातातला चहा खाली ठेवला. कायदा आणि कवायत! शनिवारी सकाळच्या शाळेत पांढरे बूट घालून उन्हात हात वर-खाली करायचो, ती कायद्याचं अनेकवचन होती, आणि हे चाळीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री बाराच्या पुढे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडून बसले. १८५७ची आवृत्ती ऑनलाइन आहे. अरबी मुळाच्या शब्दापुढे कंसात रोमन 'ए' छापलेला असतो. अरबी एकवचन आणि अनेकवचन मराठीत दोन वेगळे शब्द म्हणून सुखाने नांदताहेत, अशा जोड्या शोधायला लागले. हाल आणि अहवाल. जुन्या दस्तऐवजांतला वलद (म्हणजे मुलगा) आणि आपली अवलाद. वक्त आणि औकात! 'तुझी औकात काय' म्हणताना आपण खरं तर त्याची वेळ विचारत असतो. अमीर-उमरावात तर एकवचन आणि अनेकवचन एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेत.

व्याकरणात या साच्यांना वज़्न म्हणतात, म्हणजे आपलं वजनच. आता शब्द आला की मी त्याला तराजूत घालते. हाल-अहवाल, वलद-औलाद, वक्त-औकात या एका वजनाच्या. मग कलम-अक्लाम आणि बाब-अबवाब त्याच पारड्यात. कवायतीच्या मागून फाइदा-फवाइद आला आणि शारिअ-शवारिअ, म्हणजे रस्ते, तोही. तीस-पस्तीस हट्टी कार्डांतली एकोणीस तीन दिवसांत शांत झाली. (एक अडचण आहे. उस्ताझा मायेने 'औलादी', म्हणजे 'माझी मुलं', म्हणतात, आणि मला अजून प्रत्येक वेळी शिवी बसल्यासारखं वाटतं.)

आणि इथेच माती खाल्ली. अमीर-उमरा, वकील-वुकला, वज़ीर-वुज़रा हे इतकं छान बसलं की मी त्याचा सरसकट नियम करून टाकला. मरीद म्हणजे रुग्ण, मराठीतला मरीज. तर रुग्णालयावरच्या उताऱ्यात मी पाच ठिकाणी ठोकून दिलं, 'मुरदा'. एका उताऱ्यात सगळ्या रुग्णांचे मुडदे पाडले. उस्ताझांना त्यातली गंमत कळायचं कारण नव्हतं. त्या फक्त 'ला, ला (नाही, नाही), मर्दा' म्हणाल्या आणि पुढे गेल्या. नंतर कळलं की आजारी, जखमी, मेलेले, म्हणजे ज्यांच्यावर काही ओढवलंय त्यांचं वजन बऱ्याचदा हे असतं: मरीद-मर्दा, जरीह-जर्हा, कतील-कत्ला, मय्यित (आपला मयत)-मौता. म्हणजे साचा नुसता कानाने लावायचा नाही, अर्थही बघायचा. तरीक म्हणजे रस्ता. दिसायला वकीलसारखा, पण त्याचं तुरुक होतं. त्याला कुठलीच युक्ती लागू पडेना. तो पाठच केला, दात-ओठ खात.

एक छोटा विजय मात्र पुरवून पुरवून खातेय. माणसं सोडून बाकी वस्तूंच्या अनेकवचनाला अरबीत स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण लागतं: किताब जदीद, पण कुतुब जदीदा. ज्या पुस्तकावरून शिकतेय त्यात हा नियम लाल चौकटीत, 'विचित्र' असा शेरा मारून दिलाय. विचित्र काय त्यात? नवी वही, नवी पुस्तकं. ती वही, ती पुस्तकं. आपलं नपुंसकलिंगी अनेकवचन दिसायला अगदी तसंच! अरबी 'हिया'च्या (म्हणजे स्त्रीलिंगी 'ती'च्या) जागी मनात 'ती' म्हटलं की झालं. या प्रकरणात अख्ख्या महिन्यात एकही चूक नाही.

साधनांबद्दल: मोडक्या अनेकवचनांसाठी अँकी बंद केलंय. फोनवर ज़बर-ज़ेर-पेश (अक्षरांवरच्या-खालच्या स्वरखुणा) इतके बारीक दिसतात की फत्हा (म्हणजे ज़बरच) आहे का काचेवरचा ओरखडा, कळत नाही. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली आहेत. पुढे एकवचन, मागे अनेकवचन, कोपऱ्यात वजन. जाड कागदावर जेल पेन पसरत नाही. सोनेरी गणपतीखाली 'कुतुब' बरं दिसतं.

खरं तर पुढच्या महिन्यात क्रियापदं म्हणणार होते, पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. हशील, महसूल, तहसील ही तिन्ही ह-स-ल या मूळ अक्षरांची भावंडं. तपशील, तालीम, तारीख ही तहसीलच्याच वजनाची, आणि ते वजन क्रियापदांच्या दुसऱ्या रूपाच्या क्रियानामाचं (क्रियेच्या नावाचं). म्हणजे क्रियापदांतही तहसील कचेरीच्याच दाराने शिरता येईल. तेव्हा आधी मोल्सवर्थमधले 'ए'वाले शब्द वजनाप्रमाणे लावते, रूपं त्यातूनच येतील. 'म'पासून सुरुवात करतेय. मजकूर, मंजूर, मशहूर, मजबूत ही चार 'मफऊल' या वजनाची पत्रिका लिहून झालीसुद्धा.

मध्येच उस्ताझांनी तीन ते दहा आकडे काढलेत. तीन मुलगे म्हणताना 'तीन' स्त्रीलिंगी, तीन मुली म्हणताना पुल्लिंगी: सलासतु औलाद, सलासु बनात. आत्ताच सांगून ठेवते, मला हे पटलेलं नाही.