पोर्गीच्या गावात: चार्ल्सटन

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटनच्या चर्च स्ट्रीटवर ८९-९१ क्रमांकाची जुनी जोडइमारत आहे. मधल्या कमानीतून आत गेलं की चौक लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कृष्णवर्णीय कुटुंबं दाटीवाटीने राहायची आणि खिडक्यांच्या कठड्यावर कोबी मांडून विकायची, म्हणून या जागेला कॅबेज रो म्हणतात. याच रस्त्यावर, ७६ क्रमांकाच्या घरात ड्यूबोस हेवर्ड हा गोरा लेखक राहायचा. १९२५ मध्ये आलेल्या ‘पोर्गी’ या कादंबरीत त्याने हा चौक बंदराकाठी नेला आणि त्याचं नाव ठेवलं कॅटफिश रो. संगीतकार जॉर्ज गर्श्विनने १९३५ मध्ये त्याचाच ऑपेरा केला, ‘पोर्गी अँड बेस’.

माझी या ऑपेराशी ओळख न्यूयॉर्कमध्ये झाली. २०१२ मध्ये रिचर्ड रॉजर्स थिएटरात त्याचा नवा अवतार चालू होता. दिग्दर्शन डायान पॉलसचं, संहितेवर नव्याने काम केलेलं सुझन-लोरी पार्क्सने आणि संगीतावर डीड्रा मरेने. मूळ ऑपेरात पदांच्या मधलं बोलणंही गाऊनच होतं. इथे त्यातलं बरंचसं गद्य संवादांत आणलेलं होतं. वाद्यवृंद लहान झाला होता, लांबी कमी झाली होती. मूळ कथेत बकऱ्याच्या गाडीतून फिरणारा पांगळा भिकारी पोर्गी इथे काठी टेकत, पाय ओढत चालत होता. प्रयोग सुरू होण्याआधीच संगीतकार स्टीफन सॉण्डहाइम यांनी वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहून या बदलांवर टीका केली होती. पुढे याच प्रयोगाला पुनरुज्जीवित संगीतिकेचं टोनी हे ब्रॉडवे रंगभूमीचं पारितोषिक मिळालं.

गायिका-अभिनेत्री ऑड्रा मॅकडॉनल्डची बेस बघताना मात्र मला सॉण्डहाइम यांचा राग विसरायला झाला. गालावर व्रण असलेली, नशेच्या आणि क्राउन या दांडगट प्रियकराच्या तावडीतून सुटू बघणारी, पोर्गीच्या घरात हळूहळू माणसांत येणारी बाई. एरवी कॅटफिश रो तिच्याबद्दल बोलतं. इथे ती स्वतः काय ठरवते आहे, हे चेहऱ्यावर वाचता येत होतं. शेवटी ती स्पोर्टिंग लाइफ या नशा विकणाऱ्याबरोबर निघून जाते तेव्हा तिचा राग येत नाही, जीव तुटतो. पहिली बेस, अ‍ॅन ब्राऊन, सांगायची की सुरुवातीला ही भूमिका लहान होती, गर्श्विनने तिच्यासाठी ती वाढवली आणि ऑपेराचं नावही ‘पोर्गी’चं ‘पोर्गी अँड बेस’ केलं. म्हणजे बेसला जागा करून देणं हे मूळ रचनेतच सुरू झालं होतं.

गद्य संवादांनी मात्र काय गमावलं, ते चार्ल्सटनला आल्यावर उमगलं. हे हाकांचं गाव होतं. स्ट्रॉबेरीवाली, खेकडेवाला, मधवाला, सगळे सुरात ओरडत गल्ल्यांतून फिरायचे, आपल्याकडच्या फेरीवाल्यांसारखेच. गर्श्विनने त्या हाका ऑपेरात घेतल्या. १९३४ चा उन्हाळा त्याने जवळच्या फॉली बीचवर काढला. तिथून तो गलाह लोकांच्या प्रार्थनासभांना जायचा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. त्यांची बोली आणि भजनं किनाऱ्यावरच्या बेटांवर टिकून राहिली. हेवर्डने लिहून ठेवलंय की एका सभेत गर्श्विन त्यांच्याबरोबर तालात टाळ्या-पाय आपटत सामील झाला. ज्या गावात भाजी विकायची तीही गाऊन, तिथे माणसांनी भांडणही गाऊन करावं यात काही अवघडल्यासारखं नाही. आजच्या प्रेक्षकाला ते झेपणार नाही, हे गृहीत धरणं मला पटत नाही.

चार्ल्सटनमध्ये मी २०१६ च्या स्पोलेटो या कलामहोत्सवाच्या निमित्ताने आले होते. गेलार्ड सेंटरमध्ये हाच ऑपेरा होता आणि तो ऑपेरा म्हणूनच गायला गेला. दिग्दर्शक डेव्हिड हर्स्कोविट्स, पण प्रयोगाला चेहरा दिला तो जोनाथन ग्रीन या गलाह चित्रकाराने. गुलामगिरीचा घाव बसलाच नसता तर ही माणसं कशी राहिली असती, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला होता. म्हणून कॅटफिश रो इथे कळकट नव्हतं. भिंतींवर आफ्रिकी नक्षी, अंगावर झगझगीत रंगांचे कपडे. आजवर या कलाकृतीत गोऱ्यांनी पाहिलेलं काळ्यांचं दारिद्र्य दिसतं, असा आक्षेप घेतला जातो. त्याला ग्रीनने एकही सूर न बदलता उत्तर दिलं.

सभागृहाजवळच, कॅलहून स्ट्रीटवर, इमॅन्युएल चर्च आहे. वर्षभरापूर्वी, जून २०१५ मध्ये, तिथे बायबल वाचायला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या होत्या. पहिल्या अंकातल्या मयताच्या प्रवेशात, दफनासाठी बशीत नाणी गोळा होतात आणि विधवा सेरीना आक्रोश करते, तेव्हा माझ्या रांगेतल्या कित्येकांना रडू आवरेना.

हा ऑपेरा त्याच्याच गावात पहिल्यांदा झाला १९७० मध्ये, जन्मानंतर तब्बल पस्तीस वर्षांनी. त्याआधी, १९३६ मध्ये, वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरात काळ्या प्रेक्षकांना गोऱ्यांबरोबर बसू दिलं जाणार नाही, असं कळल्यावर पहिला पोर्गी टॉड डंकन आणि सहकलाकार अडून बसले होते. थिएटरला नमतं घ्यावं लागलं. नव्याने मांडणी करणाऱ्यांनी कात्री हातात घेण्याआधी हा इतिहास वाचावा, असं मला मनापासून वाटतं. आणि एकदा तरी ऑड्रा मॅकडॉनल्डची बेस ग्रीनच्या रंगांत, एकही ओळ न गाळता गाताना बघायची आहे.