निम्मी मुंबई सातारकर

डिसेंबरात साताऱ्यात पहाटे पावणेसहाला पोहण्याच्या टँकवर उभं राहायचं म्हणजे पगारापेक्षा हट्टाचं काम. मी तिथे कोच आहे, आणि माणसं कमी असली की जीवरक्षकही मीच. त्या दिवशी हवा 12 अंश, पाणी 20. पाणी हवेपेक्षा गरम असलं की सगळ्या तलावावर वाफ धरते आणि पलीकडची भिंत दिसेनाशी होते. अशा वेळी पाण्यात उतरणारी माझी बॅच म्हणजे मास्टर्स, मोठ्या वयाचे पोहणारे. नियमाप्रमाणे मास्टर्स पंचविशीपासून सुरू होतात, पण आमच्याकडे पन्नाशीच्या आतलं कोणी नाही. रिलेला चौघांच्या वयाची बेरीज धरतात. बँकवाले काका, वकीलसाहेब, प्रोफेसर आणि अण्णा मिळून 242 होतात, म्हणजे 240 ते 279 च्या गटात. तीन वर्षांनी कमी भरले असते तर खालच्या गटात तरण्यांशी गाठ होती, यावर ते खूश असतात.

यांचं पोहणं कमी, भांडण जास्त. आणि भांडण कशावरून, तर सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी रॉकवरून. मी लेझीम आणि गणपतीतल्या बँजो पार्टीवर वाढलेला माणूस. या लोकांमुळे मला डीप पर्पल आणि लेड झेपलिन हे दोन वेगळे बँड हे कळायला लागलं. फ्रीस्टाइल चालू असेपर्यंत तोंडं पाण्यात, तेवढी शांतता. हातात किकबोर्ड, म्हणजे धरून नुसते पाय मारायची तरंगती फळी, दिला की डोकी वर येतात आणि सुरू.

बँकवाल्या काकांना हॉटेल कॅलिफोर्निया अजिबात चालत नाही. हॉस्टेलला त्यांच्या रूममेटने गिटार घेतली होती आणि चार वर्षं त्या गाण्याची फक्त सुरुवात वाजवली. "पुढं काय होतं ते मला नोकरी लागल्यावर कळलं," म्हणतात. वकीलसाहेबांना स्टेअरवे टू हेवन हवं, कारण ते आठ मिनिटांचं आहे आणि तेवढा वेळ किक मारली की मी पुढचा सेट देत नाही असा त्यांचा समज. वाफ धरली की प्रोफेसर तोंडाने स्मोक ऑन द वॉटरची सुरुवात वाजवतात आणि मग इतिहास सांगतात: 4 डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं माँत्र्यो, फ्रँक झापा या रॉक गायकाच्या कार्यक्रमात कोणीतरी फ्लेअर गन उडवली, कॅसिनो जळाला, धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला, आणि रेकॉर्डिंगसाठी तिथे आलेल्या डीप पर्पलला गाणं मिळालं. मला ते चार सूर खरंच आवडतात. किकची लय त्यावर बरोबर बसते.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय 66. त्यांचा राग क्वीन या बँडवर. त्यांचं बोहेमियन रॅप्सडी हे गाणं म्हणजे "एका ताटात पुरणपोळी, मिसळ आणि आइस्क्रीम." त्यावर प्रोफेसरांचं रोजचं ठरलेलं अस्त्र: "अण्णा, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या जिल्ह्यातला. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, पहिला बँडसुद्धा तिथेच काढला. सातारकर माणसाबद्दल असं बोलू नये." आणि अण्णांचं रोजचं ठरलेलं उत्तर: "जन्मला झांजिबारला. पाचगणीत शाळा शिकला म्हंजे सातारकर झाला व्हय? मग निम्मी मुंबई सातारकर!" हे मी किमान दोनशे वेळा ऐकलंय. प्रश्न आणि उत्तर यांच्यात दोन-तीन किका पडतात, त्याहून जास्त नाही.

त्या दिवशी सव्वासहाला आठ वेळा पन्नास मीटर किक दिली होती. वाफेतून प्रोफेसरांचा आवाज आला, "अण्णा, काल परत ऐकलं. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, एक सेकंद कमी करता येणार नाही. शेवटी सातारकरच तो."

उत्तर आलं नाही.

बँकवाले काका हसले. प्रोफेसर म्हणाले, "हरले!" मी मात्र शिट्टी तोंडात धरून लेन तीनच्या कडेने चालायला लागलो. ओल्या फरशीवर पळायचं नाही हा नियम मीच लावलाय. चालताना डोक्यात एक गाणं सुरू झालं, नको ते. सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवायच्या, प्रशिक्षणात छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची हे शिकवताना बी जीजचं स्टेइंग अलाइव्ह मनात म्हणायला सांगितलं होतं. तेव्हा काका मागून कुजबुजले होते की क्वीनचं अनदर वन बाइट्स द डस्ट, म्हणजे 'आणखी एक गेला', तेसुद्धा त्याच लयीत आहे, फक्त पेशंटला ऐकू जाता कामा नये. माझ्या डोक्यात ते दुसरंच वाजत होतं.

अण्णा पलीकडच्या भिंतीला होते. उजव्या हाताने कठडा धरलेला, डावा पाण्यात लोंबतोय, किकबोर्ड दोन हात लांब तरंगतोय.

"काय झालं अण्णा?"

"काय न्हाय. ॲसिडिटी. रात्री मिसळ खाल्ली." मग थोडं थांबून, "जबडा दुखतोय जरा."

शिडी चढू दिली नाही. वकीलसाहेब आणि मी पाण्यातून, काका वरून, असं उचलून कडेला घेतलं. तोंड टॉवेलने पुसलं. कपाळ कोरडं झालं आणि बघता बघता परत थेंब आले. पुन्हा पुसलं, पुन्हा आले. पाण्यातून निघालेल्या माणसाचा घाम ओळखायचा कसा हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण 12 अंशांत दुसऱ्यांदा ओलं झालेलं कपाळ बघून पोटात गोळा आला.

लेन दोनमधल्या डॉक्टरीणबाई दातांच्या. त्या जबड्याचं ऐकूनच बाहेर आल्या होत्या. "दाताचं नाही हे," एवढंच म्हणाल्या. जबडा दुखतो म्हणून खुर्चीत येऊन बसलेले हृदयाचे पेशंट त्यांनी पाहिलेले. पाठीमागे सगळे किकबोर्ड रचून अण्णांना अर्धवट बसवलं, कशाची ॲलर्जी आहे का विचारून ॲस्पिरिन चावायला दिली, 108 ला फोन केला. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती. ती आणेपर्यंत गेलेला मिनिट माझ्या नावावर आहे. आता चावी सिलिंडरलाच दोरीने बांधलीय.

प्रोफेसर अण्णांच्या पायाशी बसून टॉवेलने तळवे चोळत होते. एक शब्द बोलत नव्हते. त्यांना गप्प मी तेव्हाच पाहिलं.

एक रक्तवाहिनी बंद होती. त्याच सकाळी अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायातलं रक्त छातीकडे ढकललं जातं, गार पाण्याने वरच्या शिरा आवळतात, आणि हृदयाला जास्त ओढावं लागतं. हे मी वर्गात शिकलो होतो. थंडीच्या सकाळी साठीच्या माणसांना आठ वेळा पन्नास किक देताना आठवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. अण्णांनी आधी चावीबद्दल विचारलं. कोणी सांगितलं कोण जाणे. मग म्हणाले, "मी गप्प बसलो म्हणून प्रोफेसर जिंकला असं होत न्हाय. ते धरायचं न्हाय."

मार्चअखेर त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. बटरफ्लाय बंद, रिले या वर्षी नाही, पोहायचं ते लेन एकमध्ये, पायऱ्यांजवळ.

पुढच्या थंडीत मी नियम केला: वाफ असेल त्या दिवशी भिंतीला हात लागला की प्रत्येकाने मोठ्याने बोलायचं. मी आकडे ठरवून दिले होते, एक, दोन, तीन, चार. ते दोन दिवस टिकले. आता नावडत्या गाण्यांची नावं ओरडतात. काकांचं एकच असतं. वकीलसाहेब रोज बदलतात, कारण त्यांना बाजू कुठलीही चालते. लेन एकमधून गाण्याचं नाव येत नाही. "निम्मी मुंबई!" एवढं येतं, आणि मी कान पुढच्या लेनकडे वळवतो.